तीन किलो पिठाला एक किलो चरबी

सान्ता रीताच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा दोनदा व्हायची. खरी घंटा म्हणजे शिपाई रुळाच्या तुकड्यावर हाणायचा ती. पण तिच्या आधी पाच-सात मिनिटं दुसरी वाजायची, ती दोन्या एपिफानियाच्या, म्हणजे एपिफानियाबाईंच्या, पातेल्यातली. तमाल, म्हणजे पानात गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे उंडे, उकडायचे तर पातेल्याच्या तळाला, पाण्यात, एक नाणं टाकायचं ही आमच्याकडची जुनी रीत. पाणी उकळत असेतो नाणं नाचतं, खुळखुळतं. ते गप्प झालं की समजायचं, पाणी आटलं, घाला. एपिफानिया पिरूलच्या झाडाखाली शेगडीचा जाळ वाढवायची, नाणं नाचायला लागायचं, आणि दुसरीच्या वर्गातली चाळीस डोकी फळ्यावरून खिडकीकडे वळायची. एका बाईंनी तर लेखी तक्रार केली होती की या नाण्यापुढे माझे पाढे टिकत नाहीत. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी चौकशी केली, पुरावा म्हणून दोन तमाल खाल्ले, आणि तक्रार फायलीला लावली.

एपिफानियाचा जन्म सहा जानेवारीचा, बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांच्या सणाचा. त्या दिवशी पंचांगात जे नाव छापलेलं ते पोरीला. चौथी मुलगी. बाप म्हणाला होता म्हणे, "दुसऱ्यांच्या घरी राजे सोनं घेऊन येतात, माझ्या घरी आणखी एक तोंड घेऊन आले." हेच तोंड पुढे अख्ख्या गावाच्या तोंडात घास घालणार आहे हे त्याला काय माहीत. गावानं तिचं नाव आखडून पिफा केलं. नवरा मिळाला गाउदेन्सिओ, गावच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी कर्णा फुंकणारा. लग्न असो, मयत असो, हा कर्णा गळ्यात घालून पुढं, आणि दोन्हीकडं जेवायला बायकोचेच तमाल. "मी वाजवतो तेव्हा लोक रडतात," तो म्हणायचा, "आणि ही वाढते तेव्हा गप्प बसतात. दोघांचा धंदा बरोबर चालतो."

मूलबाळ झालं नाही. पण पिफाला एक मुलगा होता, आणि तो होता याचा पुरावा ती कानावर वागवायची.

तिच्या डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली. दर वर्षी पहिलीत नवी पोरं यायची, तमाल घेताना ती फाटकी पाळी बघायची, आणि कुणीतरी धीट पोर विचारायचंच, "दोन्या पिफा, तुमच्या कानाला काय झालं?" मग रांग थांबायची. पिफा झारा खाली ठेवायची. आमच्याकडं लेकराचा बाप्तिस्मा होतो तेव्हा ज्या बाईच्या हातावर ते असतं ती त्याची मद्रीना, म्हणजे देवासमोर मानलेली आई; आणि हे नातं रक्ताच्या नात्याहून तसूभरही कमी नाही. तर ओब्दुलियाच्या चेंचोची मद्रीना पिफा होती. पाद्रीबुवांनी पोराच्या टाळूवर गार पाणी ओतलं. दुसरं लेकरू टाहो फोडतं. हे रडलं नाही. यानं मूठ उघडली, मद्रीनाच्या कानातलं सोन्याचं डूल धरलं आणि असा हिसका दिला की डूल हातात आणि रक्त पांढऱ्या झग्यावर. "पाद्रीबुवा घाबरले," पिफा सांगायची, "मी म्हटलं, असू द्या. ज्याला एवढं घट्ट धरता येतं तो आयुष्यात काही सोडायचा नाही." पोरं हसायची, आणि मागं वळून मुख्याध्यापकांच्या खोलीकडं बघायची. कारण तो कान फाडणारा चेंचो म्हणजे आता त्यांचे मुख्याध्यापक, क्रेसेन्सिओ त्लापाले सर.

चेंचोची आई कापडाच्या गिरणीत जायची, पहाटे जाई ती दिवे लागल्यावर येई. पोर शाळेत पिफाच्या पातेल्याशेजारीच वाढलं. सकाळी एक हिरव्या मिरचीचा, दुपारी एक गोड, असे सहा वर्षं तमाल खाल्ले. एकदा त्याचा दुधाचा दात तमालात रुतून निघाला तर यानं तो दात पानात गुंडाळून पिफालाच परत दिला, म्हणे यात हाड होतं. शिकला, मास्तर झाला, दोन गावं फिरून याच शाळेत मुख्याध्यापक होऊन आला. पहिल्या दिवशी सगळ्या शाळेसमोर पिरूलच्या झाडाखाली जाऊन त्यानं पिफाचा हात चुंबला. त्या दिवशी पिफानं कुणालाच पैसे मागितले नाहीत आणि सगळं पातेलं मधली सुट्टी व्हायच्या आत संपलं, तेव्हा खऱ्या सुट्टीत पोरं उपाशी राहिली आणि तिला शिव्या बसल्या त्या वेगळ्याच.

मग तो नियम आला.

पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के आधीपासूनच होते: साखर फार, मीठ फार, चरबी फार. मोठ्यांना त्यांची भीती वाटावी म्हणून ते छापलेले. पण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नाबोरचं दुकान होतं, आणि तिथं पोरं शिक्के पदकांसारखे मोजायची. "नाबोरकाका, दोनवालं नको, चारवालं द्या." आता हुकूम निघाला की मार्चअखेरपासून शिक्केवाली एकही पुडी शाळेच्या फाटकाच्या आत नको. तळलेलं नको, रंगीत गोड पाणी नको. साधं पाणी फुकट हवं. आणि घरून शिजवून आणलेल्या जिनसांचं काय? तर प्रत्येक शाळेनं समिती करायची, कशात काय आणि किती पडतं ते लिहायचं, प्रमाणाबाहेर असेल ते बंद.

पिफाला एवढा आनंद झाला की तिनं नवा ॲप्रन शिवला. एकोणतीस वर्षं ती नाबोरच्या पुड्यांशी भांडत होती. नियमाची वाट न बघता तिनं स्वतःचे चिंचेचे साखरी गोळे बंद केले, हिकामाच्या कंदाचे पांढरे काप लिंबू पिळून पेल्यात लावले, लाल फुलांचं पाणी बिनसाखरेचं केलं. पोरांनी तोंडं वाकडी केली. आठवड्याभरात सरळ झाली.

"जास्त नाचू नकोस, पिफा," नाबोर अंगणाच्या पलीकडून ओरडला. "तुझ्या तमालाला शिक्के मारायला बसले तर पान दिसायचं नाही."

"मारू देत. माझा तमाल निदान सोलून खावा लागतो. तुझ्या पुड्या पोरांनी पुडीसकट खाल्ल्या तरी चवीत फरक नाही."

"माझा मेहुणा शिक्षकांच्या संघटनेत आहे, विसरू नकोस."

"माझा मुलगा मुख्याध्यापक आहे," पिफा म्हणाली, आणि कानामागं केस सारले, म्हणजे फाटकी पाळी दिसावी.

चेंचो स्वतः तिला म्हणाला होता, "मद्रीना, तुम्हाला कसली काळजी? हा नियम तुमच्यासाठीच झालाय."

आता जानेवारीतली गोष्ट. सहा तारखेला आमच्याकडं कड्यासारखा मोठा गोड पाव कापतात, रोस्का. त्यात बोटाएवढा बाळ येशू लपवलेला. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल घालायचे. दुसरे लोक पाव चोरासारखे भीत भीत कापतात. चेंचो सरांचं उलटं. शिक्षकांच्या खोलीत रोस्का आला की ते वाकून बघायचे, पावातून कुठं बाळाचा पाय डोकावतोय का, आणि नेमकी तिथं सुरी घालायचे. "अरेरे, पुन्हा मीच," म्हणायचे. कारण तमाल मद्रीना करणार, आणि नाव सरांचं होणार. पिफालाही ते माहीत होतं. त्यातच तिला सुख.

त्या वर्षीही बाळ निघाला. एक फेब्रुवारीला दुपारी चेंचो मद्रीनाच्या घरी पीठ चाखायला आला. पिफा टोपात हात घालून पीठ फेटत होती, गाउदेन्सिओ कोपऱ्यात कर्णा पुसत होता. चेंचोनं बोटभर पीठ चाटलं, डोळे मिटले, आणि मग पिशवीतून वही काढली.

"मद्रीना, तुमचं सगळं नीट सांगा बरं. किती पिठाला किती चरबी, मीठ किती. समितीच्या कागदात तुमचं चांगलं लिहायचंय."

इथं एक गोष्ट कळली पाहिजे. आमच्याकडं चरबीत हात आखडणारी बाई म्हणजे घराण्याला डाग. तमाल कोरडा निघाला तर पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, पण परत जाताना म्हणतात, याचा एक फेकून मारला तर बैल पडेल. आणि ते तीन पिढ्या म्हणत राहतात. ती बाई मेली तरी तिच्या नातीच्या लग्नात ते निघतं. चरबी किती घालतेस असं विचारलं की कुठलीही अब्रूदार बाई खरं सांगत नाही, वाढवून सांगते. आणि समोर कोण? ज्याला दात नव्हते तेव्हापासून खाऊ घातला तो. वही घेऊन. चांगलं लिहायला.

पिफानं हात पुसले आणि मान ताठ केली. "लिही. तीन किलो पिठाला एक किलो चरबी. डुकराची, पांढरी, ताजी. मीठ मूठभर, गच्च मूठ. मी हात आखडत नाही."

कोपऱ्यात गाउदेन्सिओला खोकला आला.

"तीन किलोला पूर्ण एक किलो?" चेंचोनं पेन थांबवलं.

"भरलेला. वर थोडी जास्तच पडत असेल."

गाउदेन्सिओचा खोकला वाढला. पिफा म्हणाली, "तू बाहेर जाऊन खोक, गाउदेन्सिओ. पिठात उडेल."

चेंचोनं सगळं लिहून घेतलं. जाताना नेहमीसारखा वाकला, तिनं नेहमीसारखी त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली.

गाउदेन्सिओ का खोकला ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी सान्ता रीताच्या मिरवणुकीत कर्णा फुंकता फुंकता तो देवळासमोर आडवा झाला होता. लोकांना वाटलं गाण्यातच आहे, दोघांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदय आहे, चरबी बंद. आता घरात दोन टोप कसे करायचे? केले तर हा दुसऱ्यातलं चोरून खाणार. म्हणून पिफानं सगळ्या गावाचीच कमी करायला सुरुवात केली. आठवड्याला एक चमचा. कमी पडली तिथं कोंबडीचं पाणी, हिरव्या टोमॅटोच्या वाळक्या सालांचं उकळलेलं पाणी, आणि एक तास फेटायचं तिथं दोन तास. वर्षभरात किलोचा अर्धा किलो झाला, मग त्याहून थोडा खाली आला. पिठाची गोळी पाण्यात टाकली तर तरंगायची तशीच तरंगायची. गावाला कळलं नाही. लग्नं झाली, बाप्तिस्मे झाले, मेलेल्यांच्या सणाला थडग्यांवर तमाल ठेवले गेले, आणि हे गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं. तिसरी देवळातली सान्ता रीता, पण ती बोलत नाही.

म्हणजे जो नियम राजधानीत आता निघाला तो पिफानं बारा वर्षं आधी, कुणाला न सांगता, लागू करून टाकला होता. आणि विचारलं तेव्हा मोठेपणाखातर खोटं सांगितलं.

मार्चच्या तिसऱ्या सोमवारी ती पातेलं हातगाडीवर घालून फाटकाशी आली तर तिथं कागद चिकटवलेला. शुक्रवारच्या पालकसभेत मंजूर करायची यादी. नाबोरचं दुकान चालू राहणार होतं. त्यानं बिनशिक्क्यांची बिस्किटं आणायचं लिहून दिलं होतं. फळवाली चालू. खाली एका ओळीत लिहिलं होतं: बंद करावयाचे, एक. पुढं तिचं पूर्ण नाव, आणि कारण. तीन किलो पिठास एक किलो डुकराची चरबी, वर थोडी जास्त. मीठ मूठभर, गच्च मूठ.

गच्च हा शब्दसुद्धा तसाच. खाली सही, क्रेसेन्सिओ त्लापाले, मुख्याध्यापक.

पिफाला आधी वाटलं, पोराची चूक झाली. कारकुनानं ओळ इकडची तिकडं केली असेल. तिनं हातगाडी तशीच फाटकात ठेवली, ॲप्रन सारखा केला आणि खोलीत गेली. चेंचो उठून उभा राहिला, खुर्ची पुढं सरकवली.

"बसा मद्रीना."

"बाहेर काहीतरी चुकलंय, बाळा. माझं नाव खाली गेलंय."

चेंचोनं टेबलावरची रबरबँड उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली. "चुकलं नाही."

"म्हणजे?"

"निरीक्षकबाईंनी सांगितलंय, प्रत्येक शाळेनं निदान एक तरी बंद करून दाखवायचं. नाही तर त्यांना वाटतं आम्ही नियम पाळलाच नाही. कुणाला तरी दाखवायलाच हवं होतं."

"नाबोर होता की."

"नाबोरच्या मेहुण्यानं शाळेला कुलूप लावलं असतं. फळवालीचे तिघे भाऊ दारात बसले असते." त्यानं वर बघितलं, आणि खरंच मनापासून, जसं काही तो तिला मानच देतोय, तसा म्हणाला, "तुम्ही घरच्या. मला माहीत होतं, तुम्ही माझ्याशी भांडणार नाही."

पिफा बसलेलीच राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघर आलं: चाटलेलं बोट, मिटलेले डोळे, वही. चांगलं लिहायचंय म्हणाला होता.

"तू माझ्या टेबलाशी बसून ते लिहून घेतलंस," ती म्हणाली. "पीठ चाखून झाल्यावर."

"तुम्हीच सांगितलंत ना, मद्रीना. मी एक अक्षर वाढवलं नाही."

हे खरंच होतं, आणि तेच तिला गिळता येईना. त्या दिवशी तिनं तमाल वाटले नाहीत. हातगाडी तशीच घरी नेली. जाताना डोक्यावरची शाल पुढं ओढून घेतली, डाव्या बाजूला जरा जास्त.

घरी गाउदेन्सिओनं सगळं ऐकून घेतलं. "मग सोपं आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी उभी राहा आणि खरं सांग. चरबी अर्धीसुद्धा पडत नाही म्हणून सांग. यादी खोटी पडली की विषय संपला."

"खरं सांगू? देल्फिनाच्या पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला दोनशे तमाल दिले. तिला सांगू, बाई, त्यात अर्धीच होती? तुझ्या भावाच्या मयतीला सांगू? अख्खा गाव म्हणेल पिफानं बारा वर्षं फसवलं."

"बारा वर्षं मी जिवंत आहे."

"ते तुला दिसतं. त्यांना चरबी दिसेल."

"मग नको सांगू. घरी बस."

"आणि ती पोरं नाबोरची बिस्किटं खातील?"

गाउदेन्सिओनं कर्णा उचलला, एक सूर काढला, तो फाटका निघाला. "तर मग तूच ठरव," तो म्हणाला. "शाळा हवी का नाव हवं. चेंचोनं दोन्ही ठेवायची सोय ठेवली नाही."

त्या आठवड्यात पिफाचे तमाल आयुष्यात पहिल्यांदा शिजेनात. आमच्याकडं म्हणतात की करणारीच्या मनात राग असला की पातेलं रुसतं. मग कडीला पानांच्या चिंध्या बांधायच्या, पातेल्यापुढं गाणं म्हणायचं. गाउदेन्सिओनं कर्णासुद्धा वाजवून बघितला. चार तासांनी पान सोललं तरी आत पीठ कच्चं. गुरुवारी पिफानं ते सगळं शेजारच्या डुकरांना घातलं.

शुक्रवारी सभेला ती प्लास्टिकच्या बादलीत पीठ, एक डबा आणि काचेचा पेला घेऊन आली. पालकसंघाची अध्यक्ष देल्फिना, मोठ्या आवाजाची बाई, यादी वाचत होती. पिफाच्या नावाशी येऊन थांबली.

"कुणाला काही म्हणायचंय?"

"मला," पिफा म्हणाली. "ते खोटं आहे."

चेंचो खुर्चीत सरकला. "मद्रीना, तुम्हीच सांगितलंत."

"मी खोटं सांगितलं."

मागच्या बाकांवरचे उठून बघायला लागले. पिफानं डबा उघडला. "ही माझी चरबी. तीन किलोला एवढी. अर्धा किलोही भरत नाही, वजन करा. बारा वर्षं एवढीच घालते."

देल्फिनाचा चेहरा हळूहळू बदलला. "बारा वर्षं? म्हणजे माझ्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसालासुद्धा?"

"तुझ्या मुलीच्या सुद्धा."

"मी तेव्हा सासरच्या चाळीस माणसांना सांगितलं होतं, पिफाचे तमाल म्हणजे हातातून चरबी गळते म्हणून."

"गळली का?"

देल्फिनानं नजर यादीकडं वळवली. मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, फसवलं की हो. एक म्हातारा उठला, "तरीच मला तिच्या तमालानं कधी जळजळ झाली नाही. मला वाटलं माझं पोट सुधारलं." त्यावर अर्धी खोली हसली, अर्धी नाही हसली, आणि पिफानं कोण नाही हसलं ते बरोबर बघून ठेवलं.

मग तिनं सगळ्यांदेखत डब्यातली चरबी बादलीत घातली आणि पीठ फेटायला घेतलं. वीस मिनिटं नुसता तिच्या हाताचा आवाज. पीठ घरी आधीच दीड तास फेटलेलं होतं, पण ते ती बोलली नाही. शेवटी तिनं एक गोळी पेल्यातल्या पाण्यात सोडली. गोळी बुडाली, आणि सावकाश वर आली. तरंगली.

"ज्यांच्या घरी किलोभर घालतात त्यांनी आपली गोळी आणावी," पिफा म्हणाली. "दोन्ही शेजारी ठेवू."

कुणी आणली नाही. हात वर झाले, मोजले गेले, तिचं नाव बंद यादीतून चालू यादीत गेलं. देल्फिनानं हात वर केला, पण पिफाकडं बघितलं नाही. एप्रिलमध्ये गावात दोन लग्नं झाली; दोन्हींचे तमाल शेजारच्या गावातून आले.

एवढ्यावर थांबलं असतं तर पिफानं कदाचित चेंचोला माफही केलं असतं. पोर भ्यालं, वरच्या बाईला भ्यालं, असं ती मनाशी म्हणायलाही लागली होती. पण मे महिन्यात निरीक्षकबाई आल्या. चेंचो सर त्यांना पिरूलच्या झाडाखाली घेऊन आले, पिफाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या शाळेचा प्रयोग. माझ्या मार्गदर्शनाखाली चरबी निम्म्यावर आणली. आधीचं प्रमाण आणि नंतरचं, दोन्ही कागदावर आहेत."

निरीक्षकबाई खूश झाल्या. फोटो काढला. फोटोत चेंचो हसतोय, नाबोर मागून डोकावतोय, आणि पिफाची शाल कपाळापर्यंत आलीय. तो फोटो अजून शाळेच्या व्हरांड्यात आहे, खाली लिहिलंय: मुख्याध्यापकांच्या प्रेरणेनं.

पुढच्या जानेवारीत शिक्षकांच्या खोलीत रोस्का आला. या खेपेला चेंचो सरांनी वाकून बघितलं नाही. म्हणतात की त्यांनी मुद्दाम लांबचा तुकडा कापला. बाळ त्यातच निघाला. त्यांनी शिपायाकरवी निरोप धाडला: मद्रीनांना सांग, दोन तारखेला साठ तमाल.

पिफानं निरोप ऐकला आणि "बरं" म्हणाली. एक तारखेला तिनं दोन टोप मांडले. एक रोजचा, पोरांचा. दुसऱ्यात तीन किलो पीठ घेतलं, ॲप्रनच्या खिशातून फाटकावरचा तो जुना कागद काढला, टेबलावर मीठदाणीखाली दाबून ठेवला आणि त्यात लिहिलं होतं तसं सगळं घातलं. एक किलो, भरलेला. वर थोडी जास्त. गच्च मूठ मीठ.

गाउदेन्सिओ दारातून बघत होता. "पातेल्याला चिंध्या बांधू? रुसेल."

"रुसणार नाही," पिफा म्हणाली. आणि खरंच, तासाभरात शिजले.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तिनं स्वतः वाढलं. पान सोललं की चरबी ताटलीत उतरायची. शिक्षकांनी एकेक घास घेतला आणि पाण्याच्या पेल्यांकडं हात नेले. चेंचोनं घास तोंडात ठेवला, आणि त्याचं चावणं मंदावलं. हनुवटीवरून तुपकट धार खाली आली. लहानपणी अशी धार आली की पिफा ॲप्रनच्या टोकानं पुसायची. आताही तिचा हात टोकाशी गेला होता. तिनं तो परत खाली घेतला.

"मद्रीना," तो हळू म्हणाला, "हे काय केलंत?"

"तुमच्या कागदाप्रमाणं केलंय, सर. एक अक्षर वाढवलं नाही."

चेंचोनं ताटलीकडं बघितलं. मग त्यानं तो तमाल शेवटपर्यंत खाल्ला, पाण्याला न शिवता, आणि दुसरा उचलला, तोही खाल्ला. तेवढं तरी त्याला कळलं होतं. पण तोंडातून शब्द निघाला नाही. पिफा थांबली होती, शब्दासाठी थांबली होती हे सगळ्या खोलीला दिसत होतं. बाहेर रुळाच्या तुकड्यावर ठोका पडला. तिनं रिकामा टोप कमरेला लावला आणि अंगणात गेली.

झाडाखाली रांग लागली होती, पोरांच्या पातेल्यात नाणं खुळखुळत होतं. पुढं पहिलीतली एक नवी मुलगी उभी होती, वर्षाच्या मध्येच गावात आलेली. शेगडीच्या धगीनं पिफानं शाल मागं सारली होती. मुलीनं तमाल घेतला, आणि मान वाकडी करून बघितलं.

"दोन्या पिफा, तुमच्या कानाला काय झालं?"

मागची मोठी पोरं आधीच हसायला लागली होती. त्यांना गोष्ट पाठ होती. दोघांनी वळून खोलीकडं बोटही दाखवलं.

पिफानं झारा खाली ठेवला नाही. "खिळ्याला अडकला होता," ती म्हणाली. "चल, पुढं सरक. मागचे थांबलेत."